आइसलंडचा क्रमांक एकचा रस्ता: केफ्लाविक ते हॉप्न

आइसलंडला वळसा घालणारा क्रमांक एकचा रस्ता सुमारे 1320 किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याची दोन टोके एकमेकांना मिळायला 1974 साल उजाडावे लागले. त्याआधी राजधानी रेक्याविकहून आग्नेय किनाऱ्यावरच्या हॉप्न गावाला मोटारीने जायचे झाले, तर वाटेत हिमनद्यांच्या पाण्याने चिरफाळलेले काळ्या वाळूचे मैदान आडवे येई, आणि मग सबंध बेटाला उत्तरेकडून उलटी प्रदक्षिणा घालण्याखेरीज गत्यंतर नसे. आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आणि वस्तीने आजही चार लाखांच्या आत असलेल्या या देशाने ते मैदान अखेर ओलांडले. मात्र ओलांडले म्हणजे जिंकले असे नव्हे, हे आम्हाला प्रवासाच्या पहिल्या टप्प्यातच ठिकठिकाणी दिसत गेले.

जूनच्या सुरुवातीला आम्ही चौघे निघालो होतो: मी, माझे यजमान, थोरले भाऊजी आणि जाऊबाई. भाऊजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांची उमेदीची सगळी वर्षे रायगड-रत्नागिरीकडच्या पुलांवर गेली. साहजिकच माझ्या यादीत धबधबे होते आणि त्यांच्या यादीत पूल. इथे मी मुख्यतः त्यांच्याच यादीविषयी लिहिणार आहे, कारण धबधब्यांची वर्णने आणि छायाचित्रे कुठेही मिळतात, पण तो रस्ता ज्या जमिनीवरून जातो तिच्याशी त्याचे रोजचे भांडण काय आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

मोटार ताब्यात देताना भाड्याच्या कंपनीच्या माणसाने इंधन आणि टायर यांच्याआधी दाराचा विषय काढला. गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार दोन हातांनी धरून उघडावे. वाऱ्याने दार उलटे मोडले तर तो खर्च विम्यात बसत नाही, असे त्याने गाडीचे दार स्वतः उघडून दाखवत समजावले. वाळूने आणि ज्वालामुखीच्या राखेने रंग खरवडला गेल्यास त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. “अहो, राखेचासुद्धा?” असे जाऊबाईंनी भाऊजींना विचारले आणि त्यांनी काही उत्तर देण्याआधी यजमानांनी त्या रकान्यावर सही करून टाकली होती. बाकी नियम सोपे आहेत. गाडी उजवीकडून चालवायची, दिवे भर दुपारीही चालू ठेवायचे, डांबरी रस्त्यावर ताशी 90 आणि खडीच्या रस्त्यावर 80 किलोमीटरांची मर्यादा पाळायची, आणि रस्ता सोडून जमिनीवर चाक घालायचे नाही. हा शेवटचा नियम तिथे फार कडक आहे, कारण चाकाने एकदा फाटलेले शेवाळ पुन्हा धरायला कित्येक दशके लागतात.

केफ्लाविकचा विमानतळ रेक्यानेस नावाच्या द्वीपकल्पावर आहे. हा भूभाग जवळजवळ आठशे वर्षे शांत होता. मार्च 2021 मध्ये तिथल्या एका डोंगराजवळ जमीन फाटली, आणि डिसेंबर 2023 पासून ग्रिंदाविक या मासेमारीच्या गावाच्या उशाशी लांबलचक भेगांमधून पुन्हा पुन्हा लाव्हा बाहेर येऊ लागला. त्याआधी महिनाभर, 10 नोव्हेंबर 2023 च्या रात्री, भूकंपांच्या मालिकेमुळे सबंध गाव रिकामे करण्यात आले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये लाव्हा ग्रिंदाविकच्या रस्त्यावरून गेला आणि जाता जाता गरम पाणी वाहून नेणारी मोठी नळवाहिनी तोडून गेला. आइसलंडमधली बहुतेक घरे जमिनीतल्या गरम पाण्यावर तापतात, त्यामुळे ऐन हिवाळ्यात आसपासच्या गावांतली हजारो माणसे गारठून गेली. जवळचे वीजकेंद्र आणि गाव यांच्याभोवती दगडमातीचे उंच बांध घातलेले आहेत, आणि लाव्हा समोर दिसत असतानाही यंत्रे ते बांध रचत होती.

आम्ही ज्या रस्त्याने गेलो तो त्याच लाव्ह्याच्या थरावर भराव घालून नव्याने काढलेला आहे. दोन्ही बाजूंना काळा, खरबरीत, काचेसारखी चमक असलेला खडक उसळून थिजलेला दिसतो आणि कुठेकुठे त्याच्या फटींतून वाफ निघत असते. गाडी थांबवण्याच्या जागी भाऊजी खाली वाकले आणि कडेच्या एका चिपेवरून त्यांनी अंगठा फिरवला. “बेसॉल्टच हा,” ते म्हणाले, “ह्याचीच खडी आम्ही जन्मभर रस्त्यावर पसरली.” आपला सह्याद्री याच जातीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झाला, पण त्याला साडेसहा कोटी वर्षे होऊन गेली आहेत, आपल्या दगडावर माती आली, झाडे आली, लेणी आणि किल्ले आले. इथे तोच दगड आमच्या शाळकरी नातवापेक्षाही लहान होता.

त्यानंतरचा ‘सोनेरी वळसा’ (गोल्डन सर्कल) या लोकप्रिय पर्यटनमार्गाचा भाग मी थोडक्यात आटोपते, कारण तिथे गर्दी फार आणि आमचा वेळ थोडा होता. थिंगवेलिरला 930 साली आइसलंडची लोकसभा पहिल्यांदा भरली आणि 17 जून 1944 रोजी तिथेच प्रजासत्ताकाची घोषणा झाली. उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या ओढाताणीत तिथली जमीन वर्षाला काही मिलिमीटर फाकत असते आणि उभ्या कड्यांच्या मधल्या घळीतून पायवाट जाते. स्ट्रोक्कुर हा उष्ण पाण्याचा फवारा दर काही मिनिटांनी उडतो आणि दर वेळी प्रेक्षक तितक्याच जोराने ओरडतात. गुल्फॉस या धबधब्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी जलविद्युत प्रकल्पाचा घाट घातला जात होता, आणि जवळच्या शेतावरच्या सिग्रिदुर तोमास्दोतिर या बाईने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. तिची पाषाणातली प्रतिमा धबधब्याच्या वरच्या बाजूला आहे. बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढत होते.

मुक्काम एका शेतावरच्या घरात होता. नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा स्पष्ट वास येतो, मात्र थंड पाणी झऱ्याचे आणि अतिशय चवदार असते. पिण्यासाठी बाटल्या विकत घेणे तिथे निव्वळ वेडेपणाचे ठरेल. गुलाबी डुकराचे चित्र असलेल्या स्वस्त दुकानातून आणलेले स्किर जाऊबाईंनी चाखले आणि हा बिनआंबट चक्काच आहे असा निकाल देऊन त्यात साखर व बरोबर आणलेली वेलची पूड घातली. रात्री अकरा वाजता आम्ही खिडकीत बसून ते खाल्ले तेव्हा बाहेर मेंढ्या चरत होत्या आणि वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड होता.

दक्षिण किनाऱ्यावर क्रमांक एकचा रस्ता सपाट मैदानातून जातो आणि डावीकडे उंच हिरवे कडे सरळसोट उभे राहतात. हे कडे म्हणजे जुना समुद्रकिनारा. पायथ्याचे मैदान हिमनद्यांनी आणि उद्रेकांनी आणून टाकलेल्या गाळाचे आहे. सेल्यालांदस्फॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही सुमारे 60 मीटरांचे धबधबे त्याच कड्यांवरून पडतात. आपल्याकडे धबधबा म्हणजे पावसाळा हे समीकरण पक्के असल्याने स्वच्छ उन्हात, ढगाचा मागमूस नसताना एवढे पाणी कोसळताना पाहणे आम्हाला चमत्कारिक वाटले. यजमान सेल्यालांदस्फॉसच्या मागून फिरून आले ते नखशिखांत भिजून. भाऊजींना मात्र तिथे पोचण्याआधी लागलेल्या मारकारफ्ल्योत नदीच्या पुलावरच थांबायचे होते.

त्याचे कारण असे. 14 एप्रिल 2010 रोजी एयाफ्यात्लायोकुत्ल या हिमनदीखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या राखेने युरोपची विमाने सहा दिवस जमिनीवर खिळली, हे सगळ्यांना आठवत असेल, कारण आपल्याकडचीही असंख्य माणसे तेव्हा लंडन-फ्रँकफुर्टला अडकून पडली होती. पण त्या दिवशी सकाळी आधी वितळला तो बर्फ, आणि ते पाणी या नदीतून समुद्राकडे धावले. पूल वाचवायचा तर पाण्याला दुसरीकडे वाट द्यायला हवी, म्हणून यंत्रे लावून पुलाजवळचा क्रमांक एकच्या रस्त्याचा भराव मुद्दाम तोडण्यात आला. पाणी त्या खिंडारांतून गेले आणि पूल उभा राहिला. नंतर भराव पुन्हा घातला गेला. भराव स्वस्त आणि पूल महाग, हा त्यामागचा हिशेब.

भाऊजी बराच वेळ कठड्याशी उभे होते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने पुरात गेली. त्या पुलाशी भाऊजींचा कामानिमित्त संबंध नव्हता, परंतु कोकणात पुलांवर काम केलेला कोणीही ती रात्र विसरलेला नाही. “दिवसाढवळ्या आपल्या हाताने चालता रस्ता तोडायचा हुकूम द्यायला छाती लागते,” एवढेच ते म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

विक हे गाव मिर्दाल्सयोकुल या हिमनदीच्या पायथ्याशी आहे आणि त्या बर्फाखाली कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे. तिचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 साली झाला. तेव्हा वितळलेल्या पाण्याने इतका गाळ समुद्रात लोटला की किनाऱ्याला नवे भूशिर फुटले. गावातले लाल छपराचे चर्च टेकडीवर आहे आणि कात्ला उठलीच तर गावकऱ्यांनी तिथे जमायचे असे ठरलेले आहे. जवळच रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथल्या कड्याला षट्कोनी खांबांची रांग आहे. तसे खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर दिसतात, फक्त तिथे त्यांच्या भोवती इमारती आहेत. किनाऱ्यावर लाटांच्या धोक्याचा इशारा देणारे दिवे लावलेले आहेत, कारण एरवी साधारण दिसणाऱ्या लाटांमधून एखादी अचानक फार आत येते आणि माणसांना ओढून नेते. इथे बळी गेलेले आहेत. असे असूनही आमच्यासमोर काही उत्साही मंडळी पाण्याला पाठ दाखवून उभी होती. त्यांना हटकण्याचे काम जाऊबाईंनी मराठीतून केले आणि ते तत्काळ समजले गेले.

विकच्या पूर्वेला मिर्दाल्ससांदुर हे काळ्या वाळूचे पहिले मोठे मैदान लागते. पूर्वी इथे वारा सुटला की वाळूच्या वादळाने रस्ता दिसेनासा होई आणि गाड्यांच्या काचा खरवडल्या जात. वाळू धरून ठेवण्यासाठी इथे गवत आणि ल्युपिन लावण्यात आले. अलास्काहून 1945 साली आणलेल्या या ल्युपिनची जांभळी फुले जूनमध्ये मैलोगणती फुललेली असतात आणि पर्यटक त्यांत लोळण घेतात. आता ही वनस्पती मूळच्या शेवाळाला आणि झुडपांना गिळत सुटली आहे म्हणून तिच्यावरून देशात मोठा वाद आहे. रस्त्यापुरते पाहिले तर तिने आपले काम चोख केले, असे मला वाटते.

वाळू धरली तरी पाणी राहतेच. जुलै 2011 मध्ये कात्लाच्या बाजूने आलेल्या पुराने मूलाक्विस्ल नदीवरचा पूल नेला. ऐन पर्यटनाच्या हंगामात बेटाला घातलेले रस्त्याचे कडे तुटले. काही दिवस प्रवाशांना आणि त्यांच्या मोटारींना उंच चाकांच्या ट्रकांवर चढवून नदीतून पार नेण्यात आले आणि आठवड्याभरात तात्पुरता पूल उभा राहिला. 27 जुलै 2024 रोजी शेजारच्या स्काल्म नदीला असाच पूर आला आणि पाणी रस्त्यावरून गेले. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही नद्या इतक्या शांत आणि रोडावलेल्या होत्या की फलक वाचला नसता तर ध्यानातही आले नसते. मैदानाच्या रुंदीकडे पाहिल्यावर मात्र पाण्याची मजल कुठपर्यंत आहे ते कळते.

पुढे रस्ता एल्डह्राउन या लाव्हाक्षेत्रातून जातो आणि तिथे सगळे काही मऊ, गोलसर, करड्या-हिरव्या शेवाळाने झाकलेले असते. ठरवून दिलेल्या वाटेवर उकिडवे बसून पाहिले, तर शेवाळाचा थर वीतभर जाड होता आणि त्याच्या टोकांवर दवाचे थेंब अडकले होते. खाली दगड आहे की पोकळी, हे वरून सांगता येत नाही. हा लाव्हा 8 जून 1783 रोजी सुरू झालेल्या लाकीच्या उद्रेकाचा आहे. तो आठ महिने चालला. लाव्ह्यापेक्षा त्याच्या विषारी वायूंनी अधिक घात केला. गवत नासले, निम्म्याहून अधिक जनावरे मेली आणि पाठोपाठ आलेल्या उपासमारीत देशातली सुमारे एक पंचमांश माणसे गेली. क्लौस्तुर गावाच्या दिशेने लाव्हा सरकत असताना 20 जुलै 1783 रोजी तिथले धर्मगुरू योन स्टेन्ग्रिम्सन यांनी चर्चमध्ये प्रार्थना घेतली आणि लाव्हा गावाअलीकडे थांबला, अशी श्रद्धा आहे. हे गृहस्थ चिकित्सक निरीक्षकही होते आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या तपशिलांवर आजही ज्वालामुखीचे अभ्यासक अवलंबून असतात.

आणि मग स्केइदारार्सांदुर. सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला ते हेच मैदान. डावीकडे वात्नायोकुल ही युरोपातल्या सर्वांत प्रचंड हिमचादरींपैकी एक, जिच्या जिभा कड्यांच्या मधून खाली उतरलेल्या दिसतात, उजवीकडे दिसेनासा होईपर्यंत पसरलेला करडा गाळ, आणि मधून सरळ जाणारा रस्ता. 1974 साली इथे स्केइदारा नदीवर सुमारे 900 मीटर लांबीचा पूल बांधून बेटाभोवतीच्या रस्त्याचे कडे जुळवले गेले. बांधणाऱ्यांना पूर येणार हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी पाण्याला वळवणारे लांबच लांब बांधही घातले होते. 30 सप्टेंबर 1996 च्या रात्री वात्नायोकुलच्या बर्फाखाली उद्रेक सुरू झाला. वितळलेले पाणी लगेच बाहेर आले नाही. ते ग्रिम्सवोत्न या बर्फाखालच्या सरोवरात साचत राहिले आणि सबंध देश महिनाभर त्याची वाट पाहत बसला. 5 नोव्हेंबरला सकाळी ते फुटले. भर ओसरण्याआधी सेकंदाला 45 हजार घनमीटरांच्या आसपास पाणी या मैदानावरून जात होते आणि त्यात घराएवढे हिमखंड होते. गिग्या नदीवरचा पूल पुरता गेला, स्केइदारावरच्या पुलाचा मोठा तुकडा गेला आणि कित्येक किलोमीटर रस्ता नाहीसा झाला. रस्ता आधीच बंद केलेला असल्यामुळे एकही माणूस दगावला नाही. महिना उलटण्याच्या आत वाहतूक पुन्हा सुरू झाली.

त्या पुलाचे दोन गर्डर रस्त्याच्या कडेला ठेवले आहेत. जाडजूड पोलादी तुळया, एकीला पीळ पडलेला, दुसरी वाकून जमिनीकडे झुकलेली, आणि कडांवर अजून बोल्टांची भोके ओळीने शाबूत. भाऊजींनी एका भोकात बोट घालून ते लांबट झाले आहे का ते पाहिले. ते झालेले होते. पोलाद तुटायच्या आधी किती ताणले गेले, हे त्यावरून कळते असे त्यांनी आम्हाला सांगितले, आणि सोबत थांबलेले एक जर्मन दांपत्यही मुकाट्याने ऐकत उभे राहिले.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला अधिक नवलाचा वाटला. हिमनदी वितळत मागे सरकली, तसा 2009 साली स्केइदाराच्या पाण्याने आपला ओघच बदलला आणि ते पश्चिमेकडच्या गिग्या नदीला जाऊन मिळाले. देशातला सर्वांत लांब पूल जवळजवळ कोरड्या पात्रावर उभा राहिला. 2017 मध्ये उरलेल्या मोर्सा या लहानशा ओढ्यापुरता आखूड पूल बांधून रस्ता तिकडे वळवला गेला आणि जुना पूल बाजूला पडला. पुरासाठी एवढी तयारी केलेल्या जागेवरून शेवटी नदीच निघून गेली. भाऊजींच्या शब्दांत सांगायचे तर, “हा भार कुठल्याच संहितेत धरलेला नसतो.”

इथले कित्येक पूल एकेरी आहेत. पिवळ्या फलकावर अरुंद होणारा रस्ता काढलेला असतो. पुलाशी जो आधी पोचेल त्याने आधी जायचे आणि दुसऱ्याने थांबायचे, असा संकेत आहे. 2010 मध्ये वर्षाला पाच लाखांच्या आत पर्यटक येत तेव्हा ते पुरेसे होते. आता ती संख्या वीस लाखांच्या वर गेली आहे, आणि समोरून भाड्याच्या गाड्यांची रांग येत असली की कोण आधी पोचले याचा निवाडा डोळ्यांच्या खुणेने करावा लागतो. यजमानांना घाटातल्या वाहनचालकांची सवय असल्यामुळे ते दर वेळी थांबत राहिले, आणि समोरचेही थांबत राहिले.

योकुल्सार्लोनचे हिमखंडांनी भरलेले तळे 1930 च्या दशकापासून तयार होत गेले आणि आज ते अडीचशे मीटरांच्या आसपास खोल आहे, म्हणजे एवढा बर्फ तिथून मागे गेला. समुद्राला जाणाऱ्या आखूड नदीवर 1967 चा एकेरी झुलता पूल आहे. इथे धोका डोंगराकडून नाही, समुद्राकडून आहे: किनारा खचत रस्त्याच्या दिशेने येत आहे, आणि नदीचे पात्र जागेवर राहावे म्हणून त्यात मोठाले दगड रचलेले आहेत. आम्ही तळ्यापेक्षा त्या दगडांपाशी जास्त रेंगाळलो. पुढे स्टेनावोत्न नदीवर सप्टेंबर 2017 च्या पावसाने खिळखिळा केलेल्या पुलाच्या जागी आता नवा पूल आहे. तेव्हाही तात्पुरता पूल आठवड्याभरात बांधला गेला होता. भाऊजींच्या मते या खात्याकडे तयार सांगाडे कायम गोदामात असणार.

हॉप्नला पोचलो तेव्हा हवामान खात्याने आग्नेय भागासाठी वाऱ्याचा पिवळा इशारा दिला होता. यजमान आणि मी तिथले प्रसिद्ध झिंग्यांचे सूप प्यायलो, भाऊजी आणि जाऊबाईंनी निवासाच्या स्वयंपाकघरात मुगाची खिचडी शिजवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही रस्ते खात्याचा नकाशा उघडून बसलो. दुपारनंतर वारा पडला, पूर्वेकडचा पट्टा हिरवा झाला आणि सामान गाडीत गेले. गावाबाहेर पडताच आल्मानास्कार्दचा बोगदा लागतो. तो 2005 मध्ये झाला. त्याआधी रस्ता वरच्या खिंडीतून फार तीव्र चढाने जात असे आणि त्याचा जुना भाग अजून दिसतो. भाऊजींना अर्थातच तो आधी पाहायचा होता, म्हणून पूर्वेकडच्या फ्योर्डांकडे, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांकडे, निघायला आम्हाला संध्याकाळचे पाच वाजले.